उत्तर काठावरची किर्स्टी

१

मी सही करून समुद्रात सोडलेली आगबोट बिस्केच्या उपसागरात बुडाली. वादळ नव्हतं, धुकं नव्हतं, आसपास खडकही नव्हता. चांगल्या हवेत, भरदिवसा तिचा तळ फाटला आणि पोटातल्या कोळशासकट ती खाली गेली. अकरा माणसं मेली. बोटीचं नाव ‘मोराग’.

ही बातमी आमच्या ग्रीनॉक बंदरात पोचली तेव्हा मी कस्टम हाउसच्या पायऱ्या उतरत होतो. समोरून बोटीचे मालक गॅविन टॉरन्स आले. धक्क्यावरची माणसं बाजूला झाली. टॉरन्स ओरडले नाहीत. माझ्या कोटाचं बटण धरून त्यांनी मला जवळ ओढलं.

“बेथून, मी तुला एक गोष्ट विचारली होती. आठवते?”

“आठवते.”

“काय विचारलं होतं?”

“स्वतःच्या पोराला या बोटीवर पाठवशील का, असं विचारलं होतंत.”

“आणि तू?”

“डोळे मिटून पाठवीन, म्हणालो होतो.”

“मी पाठवला,” टॉरन्स म्हणाले.

त्यांचा एकुलता एक मुलगा ॲलस्टर ‘मोराग’वर तिसरा अधिकारी होता. पहिलीच सफर. वाचलेल्यांच्या नावांत त्याचं नाव नव्हतं.

“तुला कोर्टात उभा करीन,” ते म्हणाले, “आणि तिथून बाहेर येऊ देणार नाही.” माझं बटण त्यांच्या हातात तुटून आलं. ते तसंच मुठीत घेऊन निघून गेले.

मी निनियन बेथून, आगबोटींचा सरकारी तपासनीस. बोट समुद्रात जाण्याजोगी आहे की नाही हे मी ठरवायचं, आणि माझ्या सहीशिवाय ती बंदर सोडू शकायची नाही. आपल्या कामाची मला कधी शंका आली नव्हती. त्या दिवशीही आली नाही. ‘मोराग’चा तळ मी हाताखालून घातला होता. तो ठणठणीत होता.

गोष्ट अशी, की टॉरन्स यांनी बारा वर्षांपूर्वी एकाच आराखड्यावरून दोन लोखंडी मालबोटी बांधायला घातल्या. एका कारखान्यात दोन्ही वेळेवर होईनात, म्हणून एक क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर, पोर्ट ग्लासगोला बांधली, ती ‘मोराग’. दुसरी बरोबर समोरच्या उत्तर काठावर, ती ‘किर्स्टी’. ते वर्षभर नदीच्या दोन्ही बाजूंनी रिव्हेट ठोकण्याचा नुसता गजर चालला होता. मी तेव्हा उमेदवारी करत होतो. दोघी पाण्यात उतरल्या तेव्हा इतक्या सारख्या होत्या, की शेजारी उभ्या केल्या तर नाव वाचल्याशिवाय ओळखता येत नसत.

नशिबं मात्र वेगळी निघाली. ‘मोराग’नं वेस्ट इंडीजची साखर ग्रीनॉकच्या कारखान्यांना आणली. ‘किर्स्टी’ स्पेनहून गंधकी खनिज आणत राहिली. ओलं खनिज म्हणजे लोखंडाचा काळ. त्याचं पाणी झिरपून तळाशी साचतं आणि पत्रे आतून खात जातं.

‘मोराग’ बुडाली त्या वर्षी वसंतात दोघी तपासणीला आल्या. ‘किर्स्टी’च्या तळावर मी हातोड्याचं टोक मारलं आणि ते पत्र्यात रुतलं. सगळा तळ बदलल्याशिवाय हिला सोडणार नाही, असं मी जाहीर केलं. ‘मोराग’ला मंजुरी दिली. आणि बुडाली ती ‘मोराग’.

खात्यानं चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं. लीथहून एक नवा तपासनीस माझ्या जागी आला. लोक मला बघून रस्ता ओलांडू लागले. असे काही आठवडे गेले, आणि एका दुपारी गॅल्ब्रेथबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

एल्स्पेथ गॅल्ब्रेथ म्हणजे कप्तानाची विधवा. गावात नौकानयनाची शाळा चालवत आणि बोटींची होकायंत्रं लावून देत. क्लाइडवरचे निम्मे अधिकारी त्यांच्या हातचा मार खाऊन शिकलेले. मीही त्यांतलाच.

“टोपी घाल,” बाई म्हणाल्या. “माझ्या स्वयंपाकघरात एक माणूस बसलाय. तो त्या बोटीवर होता. तो सांगतोय ते खरं असेल तर तू खोटारडा आहेस. तू खरा असशील तर तो खोटं बोलतोय. आणि मला तर तुम्ही दोघंही खोटे वाटत नाही. त्यामुळे माझं डोकं दुखायला लागलंय.”

२

स्वयंपाकघरात टेबलाशी मर्डो बसला होता. लुइस बेटावरचा, रुंद खांद्यांचा, भट्टीत कोळसा घालणारा. त्याच्यासमोर तळलेल्या हेरिंग मासळीची ताटली होती. मला बघून त्यानं खाणं थांबवलं.

“हाच का तो?”

“हाच,” बाई म्हणाल्या. “मारायचं असेल तर नंतर मार. आधी मला सांगितलंस ते त्याला सांग.”

मर्डोनं हात पुसले. “साहेब, तळ फाटला नाही. तळ विरघळला. मी भट्टीपाशी होतो. पायाखालचा पत्रा आधी घामेजल्यासारखा झाला, मग त्याला भोक पडलं, मग भोकाचं दार झालं. लोखंडाचं असं झालेलं मी बापजन्मात बघितलं नव्हतं.”

“मी तो पत्रा ठोकून बघितला होता,” मी म्हणालो.

“मग तुमचा हातोडा लोण्याचा असेल.”

“मर्डो,” बाई म्हणाल्या, “वासाचं सांग.”

“वास तर पहिल्या दिवसापासून होता. तळात पाणी साचलं आणि भट्टीनं तापलं की काडी ओढल्यासारखा वास. डोळे चुरचुरायचे. खाली फळ्या उचलल्या की पिवळा गाळ.”

मी खुर्चीवरून उठलो. “गंधक?”

“मी काय शिकलेला आहे? तुम्ही नाव द्या.”

“‘मोराग’नं आयुष्यात गंधकी माल वाहिला नाही. बारा वर्षं फक्त साखर. तू दुसऱ्या कुठल्या बोटीचं सांगतोयस.”

मर्डोचा चेहरा लाल झाला. “साहेब, माझे नऊ-दहा सोबती त्या बोटीबरोबर खाली गेले. टॉरन्सांचा पोरगा मला होडीत ढकलून स्वतः दुसऱ्याला आणायला आत गेला. माझ्या पाठीवर त्याचा हात होता. ती बोट कुठली ते मला विचारू नका. तिच्या कपाळावर ‘मोराग’ लिहिलं होतं, घंटेवर ‘मोराग’ होतं, मी पोहत असताना धरलेल्या तरंगत्या कड्यावर ‘मोराग’ होतं.”

तो पुन्हा खाऊ लागला. बाईंनी त्याच्या ताटलीत आणखी एक मासा वाढला.

“खलाश्यांपैकी कुणी आधी ‘मोराग’वर काम केलं होतं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. सगळी नवी भरती. कप्तानसुद्धा नवा. मरिन सुपरिंटेंडंट गिल्मरसाहेबांनी सगळ्यांना स्वतः निवडलं.”

कप्तान हेक्टर गिल्मर टॉरन्स यांच्या बोटींचा किनाऱ्यावरचा सगळा कारभार बघत. कुठली बोट कुठे नांगरायची, कधी दुरुस्त करायची, कुणाला कामावर घ्यायचं, सगळं त्यांच्या हातात.

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “‘किर्स्टी’ची दुरुस्ती झाली म्हणे. नव्या तपासनीसानं तिला सोडलंही. गिल्मरनं मला उद्या गॅरलॉकच्या खाडीत तिचं होकायंत्र लावायला बोलावलंय.” त्या वळल्या. “माझा मदतनीस आजारी आहे, निनियन.”

“तुम्हाला मदतनीस कधी होता?”

“म्हणूनच आजारी आहे,” बाई म्हणाल्या.

३

गॅरलॉकचं पाणी आरशासारखं होतं. ऑगस्टातलं ऊन, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि मधोमध ‘किर्स्टी’, नव्या काळ्या रंगात. आम्ही शिडी चढून वर गेलो तेव्हा कप्तान गिल्मर हसत पुढे आले. मला बघून हसू जागच्या जागी राहिलं.

“बाई, हा माणूस माझ्या बोटीवर नको.”

“मला आकडे वाचून दाखवायला कोणीतरी हवं. तुम्ही उभे राहता दिवसभर उन्हात?”

गिल्मरनी खांदे उडवले. “त्याच्या हातात हातोडा नाही ना, तेवढं बघा. त्याच्या हातोड्यानं बोटी बुडतात.”

मी आतून पेटलो होतो, पण बाईंनी माझ्या पायावर पाय दिला होता.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी बोटीत होकायंत्र सरळ चालत नाही, कारण बोट स्वतःच एक मोठं चुंबक असते आणि सुईला आपल्याकडे ओढते. म्हणून बोट सावकाश गोल फिरवायची, प्रत्येक दिशेला सुई किती चुकते ते दूरच्या एखाद्या शिखराशी ताडून बघायचं, आणि होकायंत्राशेजारी लहान चुंबकं बसवून ती चूक मारायची. बाईंनी आधीची सगळी चुंबकं काढून बाजूला ठेवली. बोटीचा खरा स्वभाव आधी कळला पाहिजे, असं त्या नेहमी म्हणत.

बोट फिरू लागली. मी आकडे वाचत होतो. मधूनमधून टोपीनं गांधीलमाश्या हाकलत होतो. मालाच्या कोठाराच्या उघड्या झाकणापाशी त्यांचा थवाच होता.

“तळ पुरता बदललात?” बाईंनी सहज विचारलं.

“इंच न् इंच,” गिल्मर म्हणाले. “टॅम शिररच्या गोदीत सारा उन्हाळा ठोकाठोक चालली होती. माझे कान अजून वाजतायत.”

बोटीचं तोंड पूर्वेला आलं. मी सुई वाचली. बाईंनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचली. त्या स्वतः वाकल्या, चष्मा पुसला, परत वाकल्या.

“काही बिघाड?” गिल्मरनी विचारलं.

“छे. वय झालं माझं, दुसरं काय.”

पुढे सगळं नेहमीसारखं झालं. बाईंनी चुंबकं बसवली, सुई ताळ्यावर आणली. गिल्मरनी त्यांना व्हिस्की देऊ केली. त्यांनी ती घेतली, मला मात्र दिली नाही.

“कधी निघतेय बोट?”

“परवा. पिरेयसचा एक ग्रीक व्यापारी विकत घेतोय. मालकांना आता हिच्याकडे बघवत नाही. जुळी बहीण ना.”

आम्ही होडीत उतरलो. होडी निम्म्या वाटेवर आली. मग बाईंनी विचारलं, “‘किर्स्टी’ कुठल्या काठावर बांधली होती?”

“उत्तर.”

“नक्की?”

“ती पाण्यात उतरताना मी काठावर उभा होतो.”

“मग निनियन,” बाई मागे वळून त्या काळ्या बोटीकडे बघत म्हणाल्या, “आज आपण ‘किर्स्टी’वर नव्हतो.”

४

शाळेच्या रिकाम्या वर्गात बाईंनी शेगडीतली लोखंडी सळई उचलली, तिचं एक टोक उत्तरेला आणि जमिनीकडे झुकवून धरलं आणि मला म्हणाल्या, “ठोक.”

मी हातोड्यानं ठोकलं. त्यांनी सळई टेबलावरच्या होकायंत्राजवळ नेली. सुई वळली. मग त्यांनी सळई उलटी फिरवून धरली, मी पुन्हा ठोकलं, आणि या वेळी सुई दुसऱ्या बाजूला वळली.

“लोखंड ठोकताना ते कुठल्या दिशेला पडलंय, हे ते लक्षात ठेवतं,” बाई म्हणाल्या. “बोट तर वर्षभर एकाच जागी पडून असते आणि तिच्यावर लाखो घाव बसतात. आता सांग, आपल्याकडे बोट पाण्यात कशी सोडतात?”

“पाठीकडून.”

“म्हणजे बांधताना पाठ नदीकडे, तोंड जमिनीकडे. उत्तर काठावरच्या बोटीचं तोंड?”

“उत्तरेला.”

“आणि दक्षिण काठावरच्या?”

“दक्षिणेला.” मी हातोडा खाली ठेवला. “दोघी बांधताना एकमेकींकडे पाठ करून होत्या.”

“उत्तरेला तोंड करून बांधलेली बोट सुईला आपल्या पाठीकडे ओढते. दक्षिणेला तोंड असलेली, तोंडाकडे. आज सुई कुठे गेली?”

“तोंडाकडे.”

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. मर्डोला आलेला गंधकाचा वास. पिवळा गाळ. आणि आज दिवसभर मी टोपीनं ज्या हाकलत होतो त्या माश्या. गंधकी खनिजाच्या बोटीत गांधीलमाश्या कशाला येतील? त्या आल्या होत्या फळ्यांखाली मुरलेल्या साखरेसाठी.

“नावं बदलली,” मी म्हणालो. “वसंतात तपासणी झाल्यावर दोघी गॅरलॉकमध्ये शेजारी शेजारी नांगरून होत्या. नाव, घंटा, होड्या, तुळईवर कोरलेला नंबर, सगळं अदलाबदल केलं. मी नापास केलेली ‘किर्स्टी’ ‘मोराग’ होऊन समुद्रात गेली आणि बुडाली. तिच्या मंजुरीवर सही माझी.”

“आता राग बाजूला ठेव आणि कुणी केलं ते सांग.”

“टॉरन्स. जुनी सडकी बोट बुडवली, चांगलीचा विमा घेतला. चांगली बोट हातात आहे, ती विकायची. दोन्हीकडून फायदा.”

“आणि पोरगा?”

“आयत्या वेळी गेला असेल.”

“पाठवण्याआधी त्यानं तुला विचारलं होतं, ते विसरलास? ज्याला बोट सडकी आहे हे ठाऊक असतं, तो ती चांगली आहे का असं विचारत फिरत नाही. फिरला तरी त्या बोटीवर पोराला चढवत नाही.” बाईंनी सळई शेगडीत परत ठेवली. “ही अदलाबदल करू शकणारे तिघंच. मालक टॉरन्स, बोटी नांगरणारा गिल्मर, आणि दुरुस्ती करणारा शिरर. विम्याचं बाजूला ठेव. दुसऱ्या कुणाला कशात फायदा होता?”

“दुरुस्तीत,” मी सावकाश म्हणालो. “टॉरन्सनी अख्ख्या तळाचे पैसे मोजले असणार. काम न करता ते खायचे असतील, तर तपासनीसाला चांगला तळ दाखवायला हवा. चांगला तळ एकाच बोटीत होता.”

“आता मला हे टॉरन्सच्या तोंडून ऐकायचंय.”

“ते मला दारात उभं करणार नाहीत.”

“तुला नाही करणार,” बाई शाल घेत म्हणाल्या. “मला कोण अडवतंय ते बघू.”

५

टॉरन्स यांच्या घराचे पडदे दुपारीही ओढलेले होते. नोकराणी बाईंना नाही म्हणत होती तोवर बाई दिवाणखान्यात पोचल्या होत्या. मी मागून गेलो. टॉरन्स खुर्चीतून उठले. दाढी वाढलेली होती.

“याला बाहेर काढा.”

“एक प्रश्न विचारते. मग मीच याला ओढून नेईन,” बाई म्हणाल्या. “ॲलस्टर जाऊ नये असं कुणाला वाटत होतं?”

टॉरन्स पुन्हा खुर्चीत बसले. “त्याच्या आईला. सगळ्या आयांना वाटतं.”

“आणखी?”

“गिल्मरला. तो म्हणाला, पोराला पुढच्या फेरीला पाठवू, दुसऱ्या बोटीवर. दोनदा म्हणाला. जीव होता त्याचा ॲलस्टरवर.”

“कारण काय दिलं?”

“काही नाही. मी विचारलं, ‘मोराग’मध्ये काही खोट आहे का? तो म्हणाला, नाही. तरी माझं समाधान होईना, म्हणून मी या तुमच्या माणसाकडे गेलो.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. “टॉरन्ससाहेब, तुमचा मुलगा ‘मोराग’वर मेला नाही. ‘मोराग’ गॅरलॉकमध्ये नांगरलेली आहे. तुम्ही पायात बूट घाला.”

वाटेत होडीत बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बोटीवर गिल्मर होते, आणि पैसे घ्यायला आलेला टॅम शिररही होता. मालकांना बघून दोघं धावत शिडीपाशी आले.

बाईंनी होकायंत्राचं सांगितलं. गिल्मरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली. तो माणूस घाबरला नाही, हे मी कबूल करतो.

“बाई, तुमच्याच शाळेत शिकवता ना, की लोखंड दुसऱ्या दिशेला ठेवून ठोकलं तर त्याचा स्वभाव पालटतो? शिररच्या गोदीत ही बोट उन्हाळाभर दक्षिणेला तोंड करून पडली होती आणि तळावर रात्रंदिवस घाव बसत होते. सुई वळणारच. यात कसलं आलंय गूढ?”

टॉरन्स बाईंकडे वळले. गिल्मरचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “एवढं ठोकलं असेल तर सुई वळेल. मग आम्हाला नवा पत्रा दाखवा. एकच पुरे.”

गिल्मरनी शिररकडे बघितलं.

“अख्खा तळ बदललात ना? मग तुम्ही बोट ठेवाल तिथे नवा पत्रा निघेल. निनियन खरवडेल. नवा पत्रा निघाला तर मी तुमची माफी मागते आणि शाळा बंद करते. नाही निघाला, तर हिला कुणी ठोकलंच नाही. आणि ठोकलंच नाही, तर हिचा स्वभाव अजून तोच आहे, जो दक्षिण काठावर घडला होता.”

“तपासनीसानं बघून पास केलाय तळ,” शिरर मधेच म्हणाला.

“त्याला चांगला तळ दिसला,” मी म्हणालो. “चांगलाच आहे तो. मीच पास केलाय, वसंतात.”

टॉरन्स थेट कोठारात उतरले. मी कंदील घेऊन मागे गेलो. तळाच्या फळ्या उचलल्या. ओल्या बुरशीचा आणि काकवीचा गोडसर वास आला. फासळ्यांच्या बेचक्यांत काळी, चिकट साखर साचली होती. वरवर नवा रंग होता. टॉरन्सनी दाखवलेल्या जागी मी खरवडलं. नव्या रंगाखाली जुना लाल, त्याखाली करडा, त्याखाली आणखी जुना लाल, थरावर थर, बारा वर्षांचे. तिसऱ्या जागेनंतर टॉरन्स म्हणाले, “पुरे.”

ते वर आले. कोटाची बाही साखरेनं माखलेली होती.

“हेक्टर,” ते म्हणाले, “पोरगा निघाला तेव्हा धक्क्यावर तू त्याच्या गळ्यातला रुमाल नीट केलास. मी बघत होतो.”

गिल्मरच्या तोंडून जे निघालं ते ऐकून शिरर मटकन दोरखंडावर बसला.

“मला वाटलं, ती हिवाळ्यापर्यंत टिकेल,” गिल्मर म्हणाले.

६

शिररनं त्याच दिवशी सगळं ओकून टाकलं. दुरुस्तीचे पैसे दोघांनी वाटून घेतले होते. नंबर त्यानंच बुजवला आणि नवा कोरला. सडकी बोट एक-दोन फेऱ्या करील, मग तिलाही परदेशात विकून टाकू, असा बेत होता. पोरगा त्या बोटीवर जातोय हे कळलं तेव्हा गिल्मरला खरं बोलून त्याला वाचवता आलं असतं. त्यानं स्वतःला वाचवलं. दोघांनाही लांबच्या सजा झाल्या. खात्यानं मला परत बोलावलं. माफी कुणी मागितली नाही आणि मलाही तिची गरज वाटली नाही.

बोटीवर परत ‘मोराग’ नाव चढलं. टॉरन्सनी विक्री मोडली. पण तिच्यावर पाय ठेवायला कुणी तयार होईना. या नावानं अकरा जणांना खाली नेलं, असं बंदरातली माणसं म्हणत. भरतीच्या टेबलामागे टॉरन्सचा नवा कारभारी सकाळभर नुसता बसून होता. मग मर्डो आला.

“तू?” कारभारी म्हणाला. “तू तर ‘मोराग’ बुडाली तेव्हा तिच्यावर होतास.”

“मी ‘किर्स्टी’वर होतो. ही बाई कुठे बुडालीय?” मर्डो म्हणाला आणि त्यानं अंगठा उठवला. “हिच्या पोटात साखर आहे. माझ्या पोटात काही नाही. जमेल आमचं.”

मागचे हसले. त्यांतला एक पुढे आला, मग दुसरा.

निघण्याआधी तिची तपासणी माझ्याकडे आली. मी कंदील लावून कोठारात उतरलो तेव्हा शिडीवर कुणीतरी पाठोपाठ आलं. टॉरन्स होते, खलाश्याच्या जाड कपड्यांत.

“मी विचारायला नाही आलोय,” ते म्हणाले. “मागच्या वेळी विचारलं होतं. आता बघायचंय. कसं बघतात ते शिकव.”

मी म्हणालो, पाठीवर पडावं लागेल, घाण आहे, वेळ लागेल. ते आडवे झाले.

आम्ही तळ बघत सरकत गेलो. मी पत्रा ठोकायचो, मग हातोडा त्यांच्या हातात द्यायचो. चांगल्या पत्र्याचा आवाज कसा वर उठतो आणि खराबाचा कसा जागीच मरतो, हे मी सांगत होतो. ते प्रत्येक पत्र्याला दोनदा ठोकत, कान लावून ऐकत, मग पुढे सरकत. बोटीच्या तोंडापाशी पोचलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काकवी, गंज आणि घाम एकत्र झालं होतं.

“हे सगळं तू तेव्हाही केलं होतंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“असंच?”

“असंच.”

ते तसेच पडून वर बघत राहिले. मग उठून बसले आणि माझ्याकडे हात केला, मी ओढून उभं करावं म्हणून.

“चल,” ते म्हणाले. “सही कर. पोरं खोळंबलीयत.”